दाराशी बांधलेली कासवी

पोरांनो, आणि पोरांमागे बसून कान टवकारणाऱ्या मोठ्यांनो, फार फार जुनी गोष्ट आहे. समुद्राकाठी एक डोंगर होता. त्यावर जैतुनाची आणि अंजिराची झाडं, आणि त्या झाडांखाली फिरणारी कासवं. पाण्यातली नव्हेत, कोरड्या मातीत राहणारी, पडलेली फळं खाणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पायथ्याच्या गावाने एक रीत काढली. कासव खूप जगतं, म्हणून नवरीने सासरी जाताना कासव न्यायचं. त्याच्या कवचाच्या कडेला भोक पाडायचं, दोरी ओवायची आणि दाराशी बांधायचं. म्हणे, संसारही तेवढाच टिकतो. तोडले अकलेचे तारे! त्यातही जो तो सगळ्यात मोठं कासव हुडकायचा. मोठी म्हणजे म्हाताऱ्या माद्या, अंडी घालणाऱ्या. त्या संपल्यावर लहानही उचलली. डोंगर ओस पडत गेला आणि गाव अक्षता टाकत राहिलं.

अशात एका बाईच्या लेकीचं लग्न ठरलं. विहीणबाईंचा निरोप आला, "कासव नसेल तर मुलगी घरीच ठेवा."

बाईने सारा डोंगर पालथा घातला. शेवटी एका अंजिराखाली एक थोरली कासवी दिसली, मागच्या पायांनी माती उकरत होती. तिच्या कवचाला जुनं भोक होतं आणि शेजारी टवका उडालेला. बाईने ओळखलं. ही तिच्याच लग्नातली कासवी, दोरी झिजवून वर्षाच्या आत पळालेली. कासवी गेली तरी बाईचा संसार सुखाने चालला होता, नवरा धडधाकट होता. रीत खोटी आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

कासवी म्हणाली, "बाई, एवढी अंडी घालू दे. माझ्यामागे या डोंगरावर अंडी घालणारी कुणी उरली नाही."

"मुहूर्त टळेल गं. माझी पोर घरात बसेल."

"तुझी पोर घरात बसेल. माझी जन्मालाच यायची नाहीत."

बाईने त्या अर्धवट उकरलेल्या खड्ड्याकडे पाहिलं. आणि मग तिने कासवीला उचललंच.

वापरलेलं कासव अशुभ मानत. म्हणून घरी येऊन बाईने जुनं भोक मेणाने बुजवलं आणि शेजारी दुसरं पाडलं. तिला कळत नव्हतं म्हणता? कळत नसतं तर मेण कशाला लावलं असतं?

लग्न थाटात झालं. वर्षभराने नातवंडाच्या बारशाला बाई लेकीच्या सासरी गेली, तर लेक अंगणात फरशी पुसत होती. कासवी दोरीच्या टोकापर्यंत ओढ घेऊन, डोंगराकडे तोंड करून, मागच्या पायांनी दगड खरवडत होती. तिचे पाय सोलवटले होते. अंडी फरशीवर फुटून पडली होती.

लेक म्हणाली, "आई, उन्हाने मेण वितळलं. जुनं भोक दिसलं मला, शेजारचा टवकाही; तू सांगायचीस ती पळालेली कासवी हीच. तुझं लग्न हिच्यावाचून टिकलं, मग हिला का आणलंस?"

 बाईने दोरी कापली आणि कासवीला डोंगरावर नेऊन सोडलं. वरातीमागून घोडं!

कासवीने मऊ माती उकरली, अंडी घातली, पण ती पोकळ निघाली. डोंगरावर एकही नर उरला नव्हता. अंजिरं झाडांखालीच सडत होती, कारण ती खाऊन बी दूरवर नेणारं कुणी नव्हतं. जुनी झाडं वठली, नवी उगवली नाहीत.

बाई गेली. पुढे लेकही गेली. कासवी मात्र दर वसंतात माती उकरत राहिली. लोक म्हणत तसं दीर्घायुष्य होतंच तिला. ते तिने एकटीने काढलं.

ध्यानात ठेवा: दुसऱ्याचा वंश आपल्या दाराशी बांधून कुणाचा संसार वाढत नसतो.