झगमग चौकडीचा गळा

सकाळी कापडाचे यंत्रमाग सुरू झाले की नवरा-बायकोलाही भांडण खुणांनी उरकावे लागे, अशा एका गावात मगदूम मास्तर नावाचे एक गृहस्थ राहत. त्यांचा धंदा होता आवाज टिपण्याचा. मागांच्या गावात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ काढणाऱ्याला काय म्हणावे, हे गावाने अजून ठरवले नव्हते. मास्तर भजने टिपत, निवडणुकीच्या घोषणा टिपत, आणि शेजारच्या कारखान्यातला माग प्रत्येक कॅसेटमध्ये न बोलावता येऊन बसे.

"मास्तर, आमच्या आरतीत ह्यो माग कुठनं आला?" गिऱ्हाईक विचारी.

मास्तरांनी भिंतींना गाद्या लावल्या, खिडकीत पोती कोंबली. माग काही हटला नाही.

त्या वर्षी जिकडेतिकडे डिस्कोचे वेड होते. चहाच्या टपरीवर मास्तरांनी तसले एक गाणे ऐकले आणि कप तसाच ठेवून ते उठले. ठोका तोच. गतीही तीच. "अरे, हा तर आपला माग!" त्यांनी खिडकीतली पोती काढली, मागाचा ठोका पोटभर टिपून घेतला आणि त्यावर स्वतः की-बोर्ड वाजवला. राहिला गळा.

गळाही त्याच खिडकीतून येत होता. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला शेजारी कुमुद नावाची बाई होती. पन्नास मागांच्या वर ऐकू जाईल असे गाण्याची तिला सवय. मास्तरांनी तिच्याकडून एकच गाणे चार वेळा गाऊन घेतले, कधी जाड आवाजात, कधी बारीक, आणि चारही थर एकावर एक बसवले. ऐकणाऱ्याला वाटावे, चौघीजणी गात आहेत. कॅसेटवर नाव छापले, 'झगमग चौकडी'.

कॅसेट तुफान चालली. वरातीत तीच, एस.टी. स्टँडवर तीच, गणपतीपुढेही तीच. मग लोक म्हणू लागले, चौघींना बघायचे आहे.

मास्तर कुमुदकडे गेले. "स्टेजवर येतेस का?"

"मास्तर, मी एकटी चौघी कशी दिसू?" कुमुद म्हणाली. "आणि माझी पाळी कोण भरणार? तुमचा माग?"

तेव्हा मास्तरांनी कॉलेजच्या गॅदरिंगमधून चार मुली निवडल्या. त्यांना चंदेरी झगे शिवले. कॅसेट मागे वाजायची, मुली पुढे नाचायच्या आणि ओठ हलवायच्या. माईक हातात असायचा. त्याची वायर मात्र कुठेच जात नसे.

चौघींत पुढे असायची उज्ज्वला चौगुले. उंच, हसरी, नाचायला लागली की पायाखाली फळ्या आहेत की पाणी असा प्रश्न पडावा. कॅसेटवर तिचाच फोटो आला. जत्रेत, साखर कारखान्यावर, कॉलेजांत चौकडीला बोलावणी आली. दुकानदार उज्ज्वलाची सही मागू लागले. आरतीच्या वेळी जी आई तिला "तू आपली नुसत्या टाळ्या वाजव" म्हणायची, तीच आता आल्यागेल्याला सांगू लागली, "आमच्या उज्ज्वलाचा गळा म्हणजे देणगी हो."

एखादी गोष्ट रोज चार माणसे सांगू लागली की पाचवे आपण होतो. उज्ज्वलाने बर्फाचा गोळा सोडला, लोणचे सोडले. ती मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करू लागली. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळू लागली. जो गळा कधी गायलाच नाही, तो ती फार जपत असे.

दोन वर्षांनी डिस्कोचा भर ओसरला, बोलावणी कमी झाली. वडील गेल्यापासून उज्ज्वलाच्या घरी मिळवती ती एकटीच. अशात गावातल्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका देशिंगकरबाईंचा निरोप आला, "संगीत शिक्षिकेची जागा आहे. कायमची. तुमचा आवाज साऱ्या जिल्ह्याने ऐकलाय, आम्ही आणखी काय तपासायचं? सोमवारी प्रार्थनेला या, मुलींना दोन ओळी म्हणून दाखवा आणि पत्र घेऊन जा."

दोन ओळी! उज्ज्वला धावत कुमुदकडे गेली.

"कुमुदअक्का, मला दोन ओळी शिकवा. दोनच."

कुमुदने नाही म्हटले नाही. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की ती भाकरी बाजूला सारून शिकवायची. चार दिवस झाले. उज्ज्वलाच्या तोंडून ओळ निघे आणि वाटेतच बसे.

"श्वास पोटातनं घे गं," कुमुद म्हणे. "मानंचं काय हाय त्यात? आणि ते मफलर काढ आधी. बघून मलाच घाम येतोय."

चौथ्या दिवशी उज्ज्वला रडकुंडीला आली. मग तिने जे इतके दिवस विचारले नव्हते, ते विचारले. "अक्का, तुम्हाला राग नाही येत? गाता तुम्ही, मिरवते मी."

"राग यायला बी सवड लागती," कुमुद म्हणाली. "एक कांडी भरली की दुसरी वाट बघत असती." मग भाकरी पुढ्यात ओढत म्हणाली, "एकदाच वाईट वाटलं. चुलीपाशी गुणगुणत होते, तर माझी शालन म्हटली, आई, तू नको म्हणूस. ते उज्ज्वलाताईचं गाणं हाय, तुला नाही जमत."

उज्ज्वलाने गळ्याचा मफलर सोडला. घरी जाताना तो तिच्या हातात होता.

सोमवारी ती शाळेत गेली, ती कुमुदला बरोबर घेऊनच. कुमुदला वाटले, धीर द्यायला नेते आहे. मैदानावर तीनशे मुली रांगेत उभ्या होत्या. पाचवीच्या रांगेत शालनही होती. बाईंनी उज्ज्वलाच्या हातात माईक दिला. आयुष्यात पहिल्यांदाच चालू माईक तिच्या हाती आला, आणि तिचा श्वास सगळ्या शाळेला ऐकू गेला.

"मुलींनो," ती म्हणाली, "चौकडीच्या गाण्यातला आवाज माझा नाही. चौघींपैकी कुणाचाच नाही. चारही आवाज ह्या कुमुदअक्कांचे आहेत."

देशिंगकरबाईंचा चष्मा नाकावर घसरला.

"मग तुम्ही काय करत होता?"

"ओठ हलवत होते, बाई. आणि नाचत होते. नाच खरा होता."

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसले. कुमुद पदराचे टोक पिळत म्हणाली, "अगं बया, हे काय केलंस? तुझी नोकरी गेली की!"

"गेली तर गेली. तुम्ही गा."

कुमुद गायली. मागाशिवाय गाण्याची तिला सवय नव्हती. तिने लावला तो पन्नास मागांवरचाच आवाज. कौलांवरची कबुतरे उडाली. गाणे संपले तेव्हा शालन रांग मोडून पुढे आली होती आणि शेजारच्या प्रत्येक मुलीला सांगत होती, "माझी आई हाय ती. घरात बी असंच म्हणती."

संगीत शिक्षिकेची जागा कुमुदला मिळाली नाही. त्या जागेला निदान मॅट्रिक पास असावे लागते आणि कुमुद चौथी शिकलेली. मात्र शनिवारची प्रार्थना तिने सांगावी असे ठरले, आणि त्या दिवशी तिची पहिली पाळी कारखान्याने माफ केली. उज्ज्वलाला बाई म्हणाल्या, "नाच खरा होता म्हणालात ना? कवायतीच्या बाई सासरी गेल्यात. महिनाभर करून बघा." तो महिना पुढे तीस वर्षे चालला.

मगदूम मास्तर मात्र चार दिवस उज्ज्वलाशी बोलले नाहीत. "धंदा बुडवलास," एवढेच म्हणाले. पण गावभर 'एका बाईत चौघी' अशी चर्चा झाली आणि कॅसेट पुन्हा मागवावी लागली. नव्या वेष्टनावर मास्तरांनी कुमुदचे नाव घातले. ते वाचून कारखान्याचे मालक आले. "ठोका आमच्या मागाचा. आमचंही नाव घाला." मास्तरांनी तेही घातले.

पुढे डिस्को गेला, कॅसेटही गेल्या. चौकडीचे नाव आज कुणाला सांगता येत नाही. पण त्या गावात वरात निघाली की बँडवाल्याला कुणीतरी हमखास ओरडून सांगते, "कुमुदअक्काचं घ्या!" तिथल्या पोरांना वाटते, गाण्याचे नावच ते आहे. वरातीत उज्ज्वलाबाई असल्या आणि कुणी विचारले, "बाई, तुम्हीही होता ना त्यात?" तर त्या म्हणतात, "होते तर! मी नाचायचे." आणि वय झाले तरी दोन पावले टाकून दाखवतात. ती बघायला वरात थांबते.

तात्पर्य: दुसऱ्याचे श्रेय त्याच्या हवाली केले की आपल्याकडे थोडेच उरते, पण ते आपले असते, आणि त्यावर निवांत जगता येते.