वाऱ्याच्या वाटेतली वीट

“मग बुवा, भैरू जाणार की मी जाऊ?”

धुंडिराजनं विचारलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रेवणबुवा मठाच्या ओसरीवर वाटाणे सोलत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

धुंडिराज हा मठातला हुशार शिष्य. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्याचं प्रवचन रंगात आलं की त्याचा गुरुबंधू भैरू नेमका मध्ये तोंड घालायचा. “असं कसं हो, धुंडिदादा?” काल भरल्या सभेत त्यानं असंच विचारलं आणि धुंडिराजला उत्तर सुचेना. लोक हसले. ते हसू त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

“त्याला दुसऱ्या मठात धाडा. नाहीतर मी निघालो. बोचकं बांधून ठेवलंय.”

“बरं...” बुवा म्हणाले. “पण आधी भात होऊ दे. भट्टी धड पेटत नाही म्हणतात. सकाळी तूच साफ केलीस ना?”

“आरशासारखी लख्ख!”

मठाच्या अन्नछत्रात तेलावरची भट्टी होती. वरच्या टाकीतून नळीनं तेल यायचं आणि पंख्याचा वारा ते भट्टीच्या तोंडातून आत उडवायचा. बाहेर भुकेली माणसं पानं मांडून बसली होती आणि आधण अजून कोमटच होतं.

धुंडिराजनं भट्टीपाशी जाऊन पंखा अगदी मंद केला. त्याला सगळं शांतच लागायचं. तेलाचे टपोरे थेंब तसेच खाली पडले, अर्धे जळले, अर्धे धुमसले. काळ्याकुट्ट धुरानं सगळे खोकू लागले.

मग त्यानं पंखा पूर्ण सोडला. थेंब फुटून बारीक फवारा झाला खरा, पण जाळ भट्टीच्या तोंडापासून सुटला, पुढं पळाला आणि भप्पकन विझला.

“धुंडिदादा, पंखा मधोमध ठेवून बघा की!” दारातून भैरू म्हणाला.

“तू गप रे!”

भैरूची पाठ वळताच त्यानं मधोमधही ठेवून पाहिला. जाळ फडफडला आणि गेला. धुंडिराज घामाघूम झाला. बाहेर एक म्हातारी रिकाम्या पानाकडं बघत बसली होती. तिच्याकडं बघवेना त्याला.

तेवढ्यात बुवा आत आले.

“सकाळी आतून काय काय काढलंस?”

“राख, काजळी... आणि एक अर्धी वीट. कुणा शहाण्यानं बरोब्बर वाऱ्याच्या तोंडासमोर ठेवली होती!”

“कुठं आहे?”

“उकिरड्यावर फेकली.”

बुवा स्वतः गेले, वीट शोधून आणली, धोतराच्या सोग्यानं पुसली. मग तेलाची चावी बंद करवली आणि चिमट्यानं वीट आत सरकवू लागले.

“अहो बुवा, वाट अडेल वाऱ्याची!”

बुवांनी वीट आडवी बसवली. चावी सोडली, पेटता बोळा लावला आणि पंखा हळूहळू वाढवत पूर्ण सोडला.

वारा विटेवर आदळला, दोन्ही अंगांनी निघाला आणि तिच्या मागं वळून गरगर फिरू लागला. तेलाचा बारीक फवारा त्या भोवऱ्यात सापडला. विटेच्या आडोशाला जाळानं ठाण मांडलं. भट्टी घोंघावत राहिली, पण जाळ काही जागचा हलला नाही.

आधणाला उकळी आली. पंगत जेवली. म्हातारीनं दोनदा भात मागून घेतला. धुंडिराजला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

तो मात्र अजून भट्टीपाशीच उकिडवा बसला होता. विटेकडं बघत...

“बुवा...” तो म्हणाला, “बोचकं सोडतो मी.”

“सोड.”

“आणि भैरूचं काय करू?”

बुवांनी चिमटा खुंटीला अडकवला.

“उद्याच्या प्रवचनाला त्याला पुढं बसव. अगदी तुझ्या तोंडासमोर.”