अडतीस डावे हात

एकदा एका डोंगराळ गावाजवळच्या विद्यापीठात एक वृद्ध आचार्य शिकवत असत. शिक्षणशास्त्र एका इमारतीत आणि मानसशास्त्र दुसऱ्या इमारतीत, ही जुनी व्यवस्था त्यांना कधीच पटली नाही. "शिकवायचं कसं ते इथे, आणि शिकणाऱ्याच्या मनात काय चालतं ते तिथे," ते म्हणत. "मग मुलाने उभं कुठे राहायचं? मधल्या रस्त्यात?" अनेक वर्षे वाद घालून, अर्ज करून, अनेकांची नाराजी पत्करून त्यांनी दोन्ही शास्त्रांची मिळून एकच पदवी सुरू केली होती. तिचा त्यांना अभिमान होता.

त्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला त्यांची एक शिष्या होती. ती बुद्धिमान होती, कष्टाळू होती आणि अतिशय भित्री होती. मानसशास्त्राच्या परीक्षेत 'भय आणि अध्ययन' या प्रश्नावर तिने अकरा पाने लिहिली होती. घाबरलेले मूल शिकत नाही, ते लपायला शिकते, असे त्यात एक वाक्य होते. आचार्यांनी ते साऱ्या वर्गाला वाचून दाखवले होते. तिचे पाठ टाचणही, म्हणजे तासाची लेखी आखणी, इतके निर्दोष असे की कनिष्ठ विद्यार्थी ते उतरवून घेत. उद्दिष्टे, पूर्वज्ञान, प्रश्न, फळ्यावरचे लेखन, सारे रकाने भरलेले.

आता फक्त अंतिम पाठ उरला होता. खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढे एक तास शिकवायचे आणि परीक्षक शेवटच्या बाकावर बसून गुणांचे पत्रक भरणार. परीक्षक स्वतः आचार्यच होते. पाठ उत्तीर्ण झाला तर ती शिक्षिका होणार होती. नाही झाला तर वर्ष पुन्हा करावे लागणार होते, आणि ते पुन्हाचे वर्ष तिला मिळणार नव्हते. वडिलांनी फोनवर स्पष्ट सांगितले होते, "यंदा झालं तर झालं. नाहीतर मुकाट्याने घरी ये. स्थळं थांबत नाहीत कुणासाठी."

मंगळवारी पाठ होता. शुक्रवारपासूनच तिला अन्न गोड लागेना. आरशासमोर उभी राहून ती अपूर्णांकांची बेरीज शिकवी आणि तिसऱ्या वाक्याला अडखळे.

रविवारी तिची मैत्रीण तिच्याकडे पाहून हसली. मैत्रिणीचा पाठ मागच्याच आठवड्यात झाला होता.

"अगं, इतकी काय सुकलीस? मुलांना हात शिकवलेस ना?"

"कसले हात?"

"बघा! अकरा पानं लिहिणाऱ्या बाईंना एवढं माहीत नाही." मैत्रिणीने आवाज खाली आणला. "आदल्या दिवशी वर्गात जायचं आणि मुलांना सांगून ठेवायचं. प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचे. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. आपण फक्त उजव्यांना विचारायचं. परीक्षकाला दिसतो हातांनी भरलेला वर्ग."

"पण हे..."

"सगळे करतात. माझ्या ताईच्या वेळीही करत होते. तू काय जगावेगळी आहेस?"

सोमवारी ती त्या शाळेत गेली. इयत्ता पाचवी, अडतीस मुले. तिने दार लोटून घेतले आणि मुलांना हातांची गोष्ट सांगितली. मुलांना हा खेळ भलताच आवडला. मग गौतमी नावाच्या मुलीने विचारले, "बाई, थोडं थोडं येत असेल तर?"

शिष्येने क्षणभर विचार केला. "तर डावा."

"येतंय असं वाटतं, पण नक्की नाही, असं असेल तर?"

"शंका आली की डावाच. चुकीचं उत्तर नको यायला."

मागून रेहान म्हणाला, "चुकलं तर तुम्ही नापास होणार का, बाई?"

खोटे बोलणे तिच्या जिवावर आले. ती म्हणाली, "हो."

वर्ग एकदम शांत झाला. तिला वाटले, मुलांना समजले.

मंगळवारी आचार्य आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मुलांनी माना वळवून त्यांच्याकडे पाहिले व पुन्हा पुढे पाहिले. शिष्येने खडू उचलला. पहिले तीन प्रश्न सोपे होते. अडतीस हात वर गेले, त्यांत बरेच उजवे होते, आणि उत्तरे बरोबर आली.

चौथा प्रश्न होता, एक छेद चार अधिक दोन छेद चार. रेहानचा उजवा हात होता. तिने त्याला विचारले. तो उभा राहून ठणठणीत आवाजात म्हणाला, "तीन छेद आठ."

ती काहीच रागावली नाही. "बस हं," एवढेच म्हणाली. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि हातातला खडू खाली पडला. उरलेल्या सदतीस मुलांनीही तो चेहरा पाहिला. रेहान बसला तो मान खाली घालूनच.

पुढच्या प्रश्नाला उजवे हात सहा होते. त्याच्या पुढच्या प्रश्नाला दोन.

मग तिने पाठाचा मुख्य प्रश्न फळ्यावर लिहिला, एक छेद दोन अधिक एक छेद तीन, आणि वळून विचारले, "कोण सांगेल?"

अडतीस हात वर गेले. अडतीसही डावे.

ती पाहतच राहिली. खिडकीपासून भिंतीपर्यंत तिने पुन्हा नजर फिरवली. एकही उजवा हात नव्हता. बाहेरून कोणी पाहिले असते तर म्हणाले असते, केवढा हा उत्साही वर्ग! त्या हातांचा अर्थ मुलांखेरीज एकट्या तिलाच कळत होता. त्यांतल्या कोणाला विचारणार? आणि न विचारता किती वेळ उभी राहणार? वडिलांचा आवाज आठवला. मुलांचे हात अवघडले, तरी एकही खाली येईना. सगळी तिच्याकडे पाहत होती, आणि त्या डोळ्यांतही तिचीच भीती होती.

तेवढ्यात शेवटच्या बाकावर आचार्यांनी लेखणी खाली ठेवली आणि आपला डावा हात वर केला.

शिष्येने तो हात पाहिला. यांना कळले! सारे संपले.

"बोला... सर," ती कशीबशी म्हणाली.

आचार्य विद्यार्थ्यासारखे उठून उभे राहिले. "बाई, मला हे येत नाही. मी वरच्या दोन संख्या मिळवतो, खालच्या दोन मिळवतो. माझं उत्तर येतं दोन छेद पाच."

कोणीही हसले नाही. या न हसण्याने ती अधिकच घाबरली. म्हणजे त्या उत्तरात हसण्यासारखे काही आहे, हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. मग गौतमी हळूच म्हणाली, "आजोबा, माझं पण तेच येतं."

शिष्येने विचारले, "आणखी कोणाकोणाचं दोन छेद पाच येतं?"

मुले घुटमळली. एकमेकांकडे पाहू लागली. आणि मग, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, रेहानने विचारले,

"बाई, आता कोणता हात वर करायचा?"

त्या क्षणी तिला वाटले, आपण इथून पळून जावे. आचार्य उभेच होते आणि फळ्याकडे पाहत होते. अजूनही एखादे खोटे सुचले असते. हा एक खेळ आहे सर, असे म्हणता आले असते. तिने डोळे मिटले आणि उघडले.

"कोणताही," ती म्हणाली. "यापुढे कोणताही. आणि चुकलं तर काही होत नाही."

"तुम्ही नापास होणार ना, पण?"

"झाले तर मी होईन, रेहान. ते ओझं तुम्ही उचलायचं नाही."

एकतीस हात वर झाले. पाठाचा निम्म्याहून अधिक वेळ गेला होता, आणि एकतीस मुलांच्या मनात दोन छेद पाच होते. तिने टाचण टेबलावर पालथे घातले. फळ्यावर एक भाकरी काढली, अर्धी रंगवली. "ही अर्धी तुमच्या ताटात आहे. आईने आणखी एक तुकडा वाढला. आता ताटात अर्धीहून जास्त, की कमी?"

"जास्त!"

"आणि दोन छेद पाच म्हणजे अर्धीहून जास्त की कमी?"

बोटे मोजली गेली. भाकरीचे पाच भाग वह्यांत काढले गेले. मग गौतमी बाकावरून अर्धी उठली. "बाई! कमी! आईने वाढलं आणि भाकरी कमी झाली? असं कसं होईल?"

तास संपल्याची घंटा झाली. बेरीज शिकवून झालीच नव्हती. टाचणातले तीन टप्पे तसेच राहिले होते.

बाहेर कडुनिंबाखाली आचार्य बसले होते. शिष्या जवळ गेली, पण तिला वर पाहवेना. तिने सारे सांगून टाकले, मैत्रिणीचे नाव तेवढे वगळून.

"सर, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं का?"

"हात वर होते आणि चेहरे खाली होते," आचार्य म्हणाले. "ज्याला उत्तर येतं ते मूल नुसता हात वर करत नाही, बाकावरून अर्धं उठतं. इथे कोणी हललं नाही. मग मी हात नीट पाहिले. तरी तुझ्यावर रागावण्याआधी मला भीती वाटली, पोरी. स्वतःची."

तिने वर पाहिले.

"तुझी अकरा पानं मीच तपासली. तुझं टाचणही मीच तपासलं. दोन्ही उत्तम. पण टाचण लिहिणारीने ती अकरा पानं कधी वाचलीच नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी आयुष्यभर भांडून दोन शास्त्रं एका पदवीत आणली. ती एका माणसात आली का, हे पाहायचं राहून गेलं. आणि अजून एक. माझ्या पत्रकाला तू घाबरलीस, तुझ्या चेहऱ्याला ती मुलं घाबरली. मी मागे बसून भीती वर्गात सोडत होतो, आणि मुलांनी प्रतिसाद किती दिला त्याचे गुण मांडत होतो. त्या मुलांना खरं तर थोडं थोडं येत होतं. पण तुला वाचवायचं म्हणून त्यांनी येत असलेलंही लपवलं."

शिष्येच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "मी नापास ना, सर?"

"हा पाठ रद्द," आचार्य म्हणाले. त्यांच्या स्वरात कठोरपणा नव्हता आणि सवलतही नव्हती. "रद्द पाठ पुन्हा घेता येतो की नाही, हे परीक्षा समिती ठरवेल. समितीला कारण लेखी लागतं."

त्यांनी पत्रक गुडघ्यावर ठेवून लिहिले, 'परीक्षकाच्या धाकामुळे वर्ग भयभीत होता.' खाली सही केली आणि लेखणी तिच्यापुढे धरली. पत्रकात एक ओळ मोकळी होती. त्या ओळीत काय लिहायचे ते त्यांनी सांगितले नाही. तिने लेखणी घेतली आणि लिहिले, 'मी मुलांना न येणे लपवायला शिकवले.' आणि सही केली.

समितीचा निर्णय यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत तिने वडिलांचा फोन दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा खरे सांगितले. दुसऱ्या वेळी वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. नवव्या दिवशी उत्तर आले. पाठ एकदाच, शेवटचा म्हणून, पुन्हा घेता येईल.

वर्ग तोच होता, गणितही तेच. आचार्य या वेळी शेवटच्या बाकावर बसले नाहीत. मुलांना सरकायला सांगून ते त्यांच्यात बसले. शिष्येने प्रश्न फळ्यावर लिहिला आणि वळली. चार हात वर होते. उरलेली चौतीस मुले हात खाली ठेवून सरळ तिच्याकडे पाहत होती. परीक्षकासमोर, आयुष्यातल्या शेवटच्या संधीच्या वेळी, केवळ चार हात! त्या चारांपैकी कोणालाही विचारले असते तर उत्तर बरोबर आले असते, हे तिला दिसत होते.

ती त्यांच्याकडे वळली नाही. हात खाली ठेवून बसलेल्या चैताली नावाच्या मुलीच्या बाकाशी गेली आणि वाकून म्हणाली, "कुठे अडलं गं?"

चैताली जराही न घाबरता म्हणाली, "पहिल्यापासूनच, बाई."

"बरं. मग पहिल्यापासून," शिष्या म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली.

आचार्यांनी पत्रकावर 'उत्तीर्ण' लिहिले आणि उरलेला तास मुलांबरोबर ऐकत राहिले.

ज्यांच्या शब्दावर दुसऱ्याचे पास-नापास ठरते, मग ते आईवडील असोत, शिक्षक असोत वा अधिकारी, त्यांनी समोरच्याची परीक्षा घेण्याआधी एवढे तपासून पाहावे, की आपल्यापुढे "मला येत नाही" असे शेवटचे कोणी, कधी म्हटले होते.