शेवटचा झाडू

“आणि बाकीचे भिडू कुठायत?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“दोघांचाच खेळ आहे,” लतीफचाचा म्हणाले, आणि चटईवरची वाळू त्यांनी हातानं सारली.

खाडीच्या तोंडाशी आमचा छोटासा दर्गा. त्याच्या ओट्यावर भरदुपारी हे दोघं बसलेले, आणि खालच्या पायरीवर मी, जाळं सांधत. चाचांनी बावीस वर्षं इटालियन जहाजावर भटारखाना सांभाळला. परतले ते तिकडचा एक पत्त्यांचा जोड घेऊन, आणि दर्ग्याची झाडलोट करू लागले. लोक त्यांना फकीर म्हणतात. त्यांना विचाराल तर म्हणतील, मी स्वयंपाकी.

समोर अच्युतराव फाटक, रत्नागिरीचे नावाजलेले वकील. तीस वर्षांत एक केस हरले नाहीत, आणि हे तुम्ही न विचारताच सांगतात. त्यांना हवी होती एका पत्रावर चाचांची दुव्याची फुंकर. पाकीट चांगलं जाडजूड होतं. वर मुलीचं नाव, ऋजुता.

“माझ्या मनाविरुद्ध लग्न केलंन. दोन वर्षं बोलणं नाही. आता लिहितेय, बाळंतपणाला घरी येऊ का? त्याचं हे उत्तर. चारच्या तरीनं टपाल जातं. घाला फुंकर.”

“एक डाव खेळू,” चाचा म्हणाले. “जिंकलात तर न वाचता फुंकर घालतो. नाहीतर पत्र मला वाचून दाखवायचं.”

वकीलसाहेब हसले. क्लबात रोज ब्रिज खेळणारा माणूस तो! “सांगा नियम.”

“चाळीस पत्ते. नाणी, पेले, तलवारी, दंडुके. एक ते सात, मग शिपाई आठ, घोडेस्वार नऊ, राजा दहा. चार उघडे चटईवर, तीन तुमच्या हातात, तीन माझ्या. संपले की पुन्हा तीन-तीन.”

“बरं.”

“हातात सात असेल तर खालचा सात उचला. नाहीतर तीन आणि चार मिळून सात होत असतील, ते दोन्ही उचला. काहीच जमत नसेल, तर आपल्यातला एक खाली ठेवा.”

“आणि खालचे सगळेच उचलले तर?”

“त्याला म्हणतात स्कोपा. झाडू. एक गुण. पत्ते जास्त ज्याचे, त्याला एक. नाणी जास्त ज्याची, त्याला एक. नाण्यांचा सात ज्याच्याकडे, त्याला एक. अजून एक किचकट गुण असतो, तो नव्या माणसाला माफ.”

वकिलांनी पिसून पत्ते वाटले. खाऱ्या हवेनं मऊ पडलेले पत्ते, राजांचे चेहरेसुद्धा पुसट झालेले. वाटणाऱ्याची पाळी प्रत्येक वेळी दुसरी, म्हणजे डावातला शेवटचा पत्ता वकिलांचा.

डाव सुरू झाला.

भरती चढत होती, आवाज न करता. उन्हाची तिरीप पाण्यावरून ओट्याच्या छतावर आली आणि तिथं हलत राहिली. त्या दोघांचे हातही तसेच, सावकाश. घोडेस्वार आला, गेला. पेला आला, गेला. माझी सुई कधी थांबली, मला कळलं नाही. किती वेळ गेला तेही सांगता येणार नाही.

जाग आली ती वकिलांच्या थापेनं. चटईवर एक तिर्री पडली होती. चाचांनी आपला शेवटचा पत्ता ठेवला, चव्वा. आणि वकिलांनी वर आपटला तो नाण्यांचा सात!

“झाडू! सगळं साफ. मोजा.”

मोजलं. नाणी चाचांची जास्त, आणि मधे दोनदा त्यांनी चटई झाडली होती. तीन गुण. वकिलांचे पत्ते जास्त, नाण्यांचा सात त्यांचा. दोन.

“आणि हा झाडू. तीन. बरोबरी झाली.”

“शेवटच्या पत्त्याचा झाडू मोजत नाहीत, वकीलसाहेब.”

“वा रे वा! हे आत्ता सांगताय? कुठल्या कलमात लिहिलंय?”

“मोजला तरी बरोबरीच. जिंकलात कुठं?”

वकिलांनी बोटांवर गुण पुन्हा मोजले. तीस वर्षांत न जिंकण्याची ही पहिलीच वेळ असावी. पण माणूस चिवट. “ते राहू दे. का मोजत नाहीत, ते सांगा.”

चाचांनी दोन्ही तळहात उघडून पुढे धरले. रिकामे.

“मधे चटई झाडली, की समोरच्याला रिकाम्या चटईवर पत्ता टाकावा लागतो. त्याची पंचाईत होते. आता इथं कोण टाकणार?”

वकिलांनी जिंकलेल्या पत्त्यांची चळत बाजूला सारली.

मग त्यांनी पाकीट फोडलं. अकरा कागद. मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा. वाचता वाचता त्यांचा कोर्टातला आवाज लागला, मग हळूहळू बसत गेला. शेवटची ओळ कशीबशी वाचली. ‘तुझ्याकडे यावर उत्तर नाही, हे तुलाही ठाऊक आहे.’

पलीकडच्या काठावरून टपाल नेणारी तर, म्हणजे होडी, सुटली होती. वल्ह्यांचा आवाज येत होता.

“फार सुंदर लिहिलंय,” चाचा म्हणाले. खरंच म्हणाले. “एकही फट नाही.”

वकिलांनी चष्मा काढला. “मला ती यायला हवीय हो, चाचा. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही.”

“हे कितव्या मुद्द्यात आहे?”

वकिलांनी कागद चाळले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग उलटे. मला बघवेना. मी पाण्याकडे तोंड केलं.

“कुठंच नाही…”

होडी धक्क्याला लागत होती. शेवटच्या कागदाचा खालचा कोरा भाग फाडून त्यावर त्यांनी दोन शब्द लिहिले, ‘ये, पोरी’, आणि तेवढाच कागद पाकिटात घातला. ते चिकटवायला त्यांच्याकडे डिंक नव्हता. चाचांनी आतून भाताचं शीत आणून दिलं.

उठले, दोन पायऱ्या उतरले आणि पाण्याशी थबकले. एवढा मोठा वकील, पण आवाज पार पडलेला.

“आणि ती नाहीच आली तर?”

चाचा पत्ते गोळा करत होते…

“मग पुन्हा तुमची पाळी, वकीलसाहेब.”