तिसरा मापदंड

“सर, यातला कुठला मापदंड खरा?”

डॉक्टर हेरंब राजोपाध्ये यांनी मठाच्या ओसरीवर कागद पसरले. मेंदूच्या लहरी मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे इतरांआधी त्यांनाच ठाऊक होतं. त्या लहरी वाचायला ज्यांनी शिकवलं, ते सर म्हातारपणी या मठात येऊन राहिले होते.

खांबाला टेकून डॉक्टरांच्या पत्नी बसल्या होत्या, सुनेत्राबाई. सकाळच्या तपासणीत डोक्याला तारा चिकटवायला लावलेली पेस्ट केसांत तशीच वाळली होती. तीन महिने झाले, त्यांनी नवऱ्याला ओळखलेलं नव्हतं.

“हा पहिला. समोर येईल त्या माणसाला मोजून काढलेली सरासरी. यात ती बसते.”

“आणि दुसरा?”

“माझा. आठशे माणसं, एकूण एक पारखून घेतलेली. डोक्याला मार नाही, फिट नाही, झोपेची गोळी नाही. यात ती कुठेच बसत नाही... मेंदू एकच, सर. एक कागद म्हणतो ठीक आहे, दुसरा म्हणतो गेली.”

सरांनी कागदांकडे पाहिलंही नाही.

“तिसरा कुठाय?”

“तिसरा?”

“तिची तिच्याशीच तुलना. धडधाकट असतानाचा आलेख.”

डॉक्टर पसरलेले कागद गोळा करू लागले.

“आठशे डोकी मोजलीस, हेरंब. हिचं?”

“राहून गेलं. घरातलंच माणूस. कधीही घेता येईल म्हटलं...”

“मग तोंडी सांग. बरी होती तेव्हा कशी होती?”

डॉक्टरांनी सुनेत्राबाईंकडे पाहिलं.

“चांगली होती, सर. शांत...”

“हे त्या आठशेंबद्दलही सांगता येईल.”

डॉक्टर ढसाढसा रडू लागले. सुनेत्राबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, बसस्टँडवर कुणी अनोळखी रडत असलं की आपण पाहतो तशा.

सर उठले. आतून दोन बादल्या आणल्या, एक कढत पाण्याची, एक गार. मध्ये रिकामं घंगाळ ठेवलं.

“केस धुऊन दे तिचे. पेस्ट वाळली की ओढ बसते.”

डॉक्टरांनी बाह्या वर सारल्या. कढत पाणी घंगाळात ओतलं. मग गार पाण्याचा तांब्या भरला, आणि हात तिथेच थांबला.

“सर... गार किती मिसळू?”

सर वळून आत निघाले होते.

“ती नेहमी घ्यायची तेवढं.”