गिअर कुणाला टाकता येत नाही?

ओतूरचे धोंडीभाऊ डुंबरे आपल्या पिकअपमधून रोपवाटिकेची रोपं गावोगाव पोचवायचे. गाडीला जिवापाड जपायचे. तरी वॉरंटी संपायला आठ दिवस उरले असताना गिअरबॉक्स गेला. गाडी दोराने ओढत त्यांनी सर्व्हिस सेंटरला आणली. सोबत बायको यमुनाबाई होत्या.

मॅनेजरने गाडीला हातही न लावता निकाल दिला, "गाडीत दोष नाही. तुम्हालाच गिअर टाकता येत नाहीत. साठ हजार भरा."

वीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या धोंडीभाऊंचा चेहरा उतरला. यमुनाबाईंना ते बघवेना. त्यांनी किल्ली मॅनेजरपुढे धरली.

"साहेब, मग ह्यांना एकदा शिकवाच. फाटकापर्यंत नेऊन दाखवा."

मॅनेजर ऐटीत आत बसला. गिअर करकरले, इंजिन ओरडलं, पण गाडी तसूभर हलली नाही. गिऱ्हाइकं जमली. शेवटी तो घामाघूम होऊन उतरला.

"आता सांगा साहेब," यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या, "गाडीत दोष आहे, की तुम्हालाही गिअर टाकता येत नाहीत?"

सगळे खो खो हसले. मॅनेजरने मुकाट्याने वॉरंटीचा कागद भरला.

परतताना एसटीत धोंडीभाऊ म्हणाले, "आता गाडी तूच चालव."

"नको बाई," यमुनाबाई हसल्या, "तुमच्याइतकी नीट कुणाला चालवता येते?"