खाडीच्या गळ्यातली माळ

वेळशेतच्या खाडीवर देवीचे देऊळ आहे. आसपासच्या देवळांना दरसाल चुना लागतो, याच्या भिंती मात्र काळ्याच. समोरच्या पाण्यात खुंटांवर कालवांच्या रिकाम्या शिंपांच्या माळा लोंबतात. पाहुण्यांनी विचारले की होडीवाले गणूतात्या वल्हे थांबवतात आणि सांगू लागतात.

पूर्वी म्हणे देवीला नवस होता, दरसाल नव्या चुन्याने देऊळ पांढरे करायचा. गाव कालवे खाई आणि शिंपा चुन्यासाठी राघो भोईराच्या भट्टीत जळत. खाडीकडे एकही परतत नसे. होता होता कालवे संपली आणि माणसे गाव सोडायची भाषा बोलू लागली.

राघोची सून पुतळी हे ऐकून सैरभैर झाली. तिचा नवरा याच खाडीत बुडाला होता, हाती लागलाच नव्हता. त्याला इथे एकटा टाकून जायचे कसे? ओहोटी लागली की ती काठावर येरझारा घाली. एकदा नवऱ्याची होडी बांधायच्या खुंटावर, दोरात अडकलेली जुनी शिंप तिला दिसली. तिच्यावर नखाएवढी कालवांची पिले चिकटली होती. पुतळीला उमगले. पिलांना बसायला आईचीच शिंप लागते, आणि आपण पाळणेच जाळत आलो!

तिने भट्टीवरच्या शिंपा उचलून खाडीत पसरल्या. त्या गाळाने गिळल्या.

"देवीचा चुना चिखलात घातलास!" राघो कडाडला. "होळीपर्यंत पिले धरली तर ठीक, नाहीतर माहेरची वाट धर."

पुतळीला खुंटावरची शिंप आठवली. ती गाळात नव्हती, लोंबत होती. मग उरलेल्या शिंपांना भोके पाडून तिने काथ्यात माळा ओवल्या, खुंटांना टांगल्या.

"काय गो पुतळे, रांडाव बाईनं माळा कुणाला घालायच्या? खाडीशी लगीन लावतंस काय?" बायका हसल्या.

"लावतंय. माझा घरधनी तिच्याच घरात हाय."

दर ओहोटीला ती कमरभर पाण्यात उतरे, माळा उचलून गाळ धुई. शिंपा कोऱ्याच. देवीपुढे उभी राहून म्हणाली, "आई, तुझा चुना मी घेतला. राग माझ्यावर काढ, पिलांवर नको."

होळीच्या सकाळी राघो स्वतः माळा तोडायला उतरला. त्याने रागाने दोर ओढला आणि ओरडून हात मागे घेतला. अंगठा चिरला होता. शिंपेवर कोवळ्या, धारदार कडा दाटीने बसल्या होत्या.

म्हातारा पाण्यातच मटकन बसला, असे सांगतात. "पोरी, चावली गं तुझी पिलं!" म्हणत हसूही लागला, रडूही लागला. बाहेर येऊन त्याने भट्टी विझवली आणि रक्ताचा अंगठा देवळाच्या भिंतीला टेकवला.

त्या भिंतीला पुन्हा चुना लागला नाही. आजही वेळशेतची नवरी पहिली माळ खाडीला घालते, मग नवऱ्याला. आणि आजही ओहोटी लागली की इथल्या बायकांचे घरात मन ठरत नाही. हातातले काम टाकून त्या एकदा पाण्याकडे जाऊन येतात.